संतांना लागलेली कात्री

आन्सेल्म ग्रोझाँ यांनी मोंत्रेव्हाल नगरपालिकेच्या जन्मनोंदणी खात्यात एकोणचाळीस वर्षं काढली. गावात चाळिशीच्या आतलं कुणीही समोर आलं की त्याचं नाव, मधलं नाव आणि त्या नावाच्या संताचा सण कोणत्या तारखेला येतो, हे ग्रोझाँसाहेब घडाघडा सांगत. कुणी विचारलं नाही तरी सांगत. पावाच्या दुकानातली रांग त्यांच्यामुळे पुष्कळदा अडलेली असे. फक्त एक तारीख त्यांच्या कधीच लक्षात राहिली नाही. दहा मे. ती त्यांच्या बायकोच्या नावाची होती.

सोलांजबाईंनी यावरून कधी भांडण केलं नाही. अकरा मेच्या सकाळी त्या कॉफीचा कप नवऱ्यापुढे जरा जोरात ठेवत, एवढंच. त्या आवाजाने साहेबांना तारीख आठवे. असे चौतीस कप झाले. निवृत्तीनंतरच्या पहिल्या मे महिन्यात मात्र साहेबांनी ठरवलं, की यंदा बाईंना काहीतरी द्यायचं, आणि वेळेवर द्यायचं.

चर्चच्या अंगणात दर मे महिन्यात जुन्या वस्तूंची विक्री होते. गावातली माणसं आपली अडगळ तिथे दान करतात आणि दुसऱ्याची अडगळ विकत घेऊन घरी जातात. वर्षाअखेर गावात अडगळ तेवढीच राहते, फक्त पत्ते बदलतात. तिथे एका वॅफलच्या साच्याखाली दाबलेला करड्या पुठ्ठ्याचा एक बस्ता साहेबांना दिसला. आत सुटे कागद होते, शंभरावर. प्रत्येक कागदावर चार लंबगोल, प्रत्येक लंबगोलात एक संत, अंगठ्यापेक्षा जरा मोठा, आणि खाली लॅटिनमध्ये नाव नि तारीख. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून, तेजाबात बुडवून छापलेली साडेतीनशे वर्षांपूर्वीची चित्रं. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक संत, काही दिवसांना दोन. साहेब तारखा वाचत तिथेच उभे राहिले. एवढी सुबक नोंदवही त्यांनी एकोणचाळीस वर्षांत पाहिली नव्हती. विक्रीला बसलेल्या बाईंनी बस्ता जॅमच्या दोन बाटल्यांच्या भावात दिला, आणि वर जॅमची एक बाटली दिली.

घरी येऊन साहेबांनी दहा मेचा कागद काढला आणि सोलांजबाईंच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली. कापडाच्या कात्रीने कागद कापणं हा कोणत्याही घरात गुन्हाच. पण या कागदाच्या बाबतीत तो सरकारी गुन्हा होता, हे साहेबांना पुढे पोस्टाने कळायचं होतं.

दहा तारखेला सकाळी त्यांनी कॉफीच्या आधी पाकीट पुढे केलं. बाईंनी चष्मा लावला.

"ही कोण?"

"तुझी संत. सोलांज."

"हातात काय आहे तिच्या? कोबी?"

साहेबांनी वाकून पाहिलं. त्यांनीही आत्ताच पाहिलं. "डोकं आहे."

"कुणाचं?"

"तिचंच."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "चौतीस वर्षांत पहिल्यांदा तुला तारीख आठवली, आणि तू मला मुंडकं छाटलेली बाई दिलीस."

"पण चालतेय बघ ना ती. किती शांतपणे चालतेय."

"हो. मीही चालतेच आहे."

तरी त्यांनी ते चित्र स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीच्या वरच्या खिळ्याला टांगलं. साहेबांना वाटलं, आवडलं. आणि एकदा एखादी गोष्ट एका माणसाला आवडली असं वाटलं, की ती सगळ्यांना द्यावी असं वाटणं हा साहेबांचा जुना आजार होता. इमारतीत वर तीनच बिऱ्हाडं. तिघांचेही संत बस्त्यात होते.

"आधी चित्र नीट बघ, मग दे," सोलांजबाई म्हणाल्या.

"संत आहेत ते. संतांची चित्रं बघून कोण रागावतं?"

खरी गोष्ट अशी होती, की नोंदणी खात्यातला माणूस नाव वाचतो, तारीख वाचतो. चेहरा बघायची त्याला सवय नसते. साहेबांनी तीन लंबगोल कापले, तीन पाकिटात घातले, पाकिटांवर वळणदार अक्षरात लिहिलं, 'आपल्या नावाच्या दिवशी उघडावे', आणि चौथा कापला तो स्वतःसाठी. संत आन्सेल्म, एकवीस एप्रिल. हातात लेखणी, पुढे पुस्तक, बसायला उंच पाठीची खुर्ची. तो त्यांनी चौकटीत घालून स्वतःच्या दारावर लावला.

पहिल्या मजल्यावर लॉराँ मार्शाल राहत. विमा विकत. त्यांचा दिवस दहा ऑगस्टला, म्हणून त्यांनी पाकीट साहेब जिना उतरायच्या आत उघडलं.

"ग्रोझाँसाहेब, जरा वर या. हे काय आहे?"

"तुमचे संत. लॉराँ. रोमचे."

"ते जाळीवर झोपलेत."

"झोपवलंय त्यांना."

"खाली निखारे आहेत."

"असणारच."

मार्शाल यांचा आवाज एकदम सभ्य झाला. विमेवाल्याचा आवाज सभ्य झाला की समजावं, काहीतरी नामंजूर होणार आहे. "गेल्या उन्हाळ्यात मी गच्चीत शेगडी लावली, दोन सॉसेज भाजली. तुम्ही धुराबद्दल तीन पानी पत्र लिहिलंत, साऱ्या बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्यात. मी शेगडी विकली. तेवढ्यानं समाधान झालं नाही वाटतं? आता मलाच जाळीवर घातलंत."

"अहो, मी फक्त तारीख बघून—"

"आणि हा मागे उभा राहून वारा घालणारा माणूस. मिशी बघा त्याची, हुबेहूब तुमची."

साहेबांनी मिशी पाहिली. नाकारण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर अपोलिन लुइलिए नावाच्या विधवा बाई. त्यांचा दिवस फेब्रुवारीत होऊन गेला होता, त्यामुळे पाकीट दारातच उघडायला नियमाचीही हरकत नव्हती. इथे हे सांगायला हवं, की अपोलिनबाईंनी हिवाळ्यात कवळी बसवली होती. ही गोष्ट अत्यंत गुप्त होती. त्यांनी अक्रोडाचा पाव घेणं सोडलं होतं आणि 'स' म्हणताना बारीक शिट्टी वाजत होती, त्यामुळे ती फक्त साऱ्या गल्लीला माहीत होती. साहेबांना नव्हती. त्यांना शिट्टी ऐकू आली असती तरी त्यांनी ती अक्षर म्हणूनच नोंदवली असती.

चित्रातल्या संत अपोलिनच्या हातात लांब सांडशी होती आणि सांडशीत, अगदी मुळासकट, एक दाढ.

बाईंनी तोंडावर हात ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?" त्या हाताआडून म्हणाल्या.

"काय?"

"सोलांजने सांगितलं. माझ्याशी गोड बोलते आणि खाली जाऊन सांगते."

"बाई, हिचे दात उपटले होते, धर्मासाठी—"

"माझे धर्मासाठी नाही उपटले," अपोलिनबाई म्हणाल्या आणि दार लावलं. मग ते पुन्हा उघडलं. "तुमच्या दारावर तुमचे संत पाहिले मी. पुस्तक, लेखणी, खुर्ची. बाकीच्यांना सांडशी नि शेगडी, आणि स्वतःला खुर्ची."

आता वरचा मजला राहिला होता. साहेब जिन्यात थांबले. शहाणा माणूस इथून खाली गेला असता. पण तिसरं पाकीट तयार होतं, आणि तयार कागद परत न्यायचा म्हणजे साहेबांना पाप वाटे. या वेळी त्यांनी चष्मा लावून आधी चित्र तपासलं. संत व्हेरोनिक. हातात पसरलेलं फडकं, फडक्यावर उमटलेला चेहरा. रक्त नाही, हत्यार नाही, दात नाहीत. ते निर्धास्त होऊन वर गेले.

व्हेरोनिक थिरिए गावच्या बसवर चालक होती. पहाटेची पाळी संपवून नुकतीच आली होती, पायात मोजे, हातात पावाचा तुकडा. तिने चित्र खिडकीजवळ नेऊन पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण हे ज्यांचं नाव आहे त्यांना द्या."

"तुमचंच की. व्हेरोनिक. चार फेब्रुवारी."

"ते माझं नाव नाही. ते तुम्ही ठेवलेलं."

साहेब हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतोय.

"एकोणऐंशी साल," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. थांब्यांची नावं सांगावी तसं ती सांगत होती. "बाबा गवंडीकामाच्या कपड्यांवरच तुमच्याकडे आले होते. त्यांना माझं नाव लिबेर ठेवायचं होतं. आजीचं नाव. खिडकीत नवा कारकून होता, नुकतीच मिशी ठेवलेला. त्याने यादी काढली, बोट फिरवलं आणि म्हणाला, यादीत नाही. बाबा म्हणाले, मग काय करू? तो म्हणाला, यादीतलं एखादं घ्या. बाबांनी रागाने डोळे मिटून बोट ठेवलं."

"व्हेरोनिकवर," साहेब हळूच म्हणाले.

"व्हिक्तोरवर. तुम्ही म्हणालात, ते मुलाचं आहे, जरा वर सरका."

साहेबांना काही म्हणजे काही आठवेना. ज्या माणसाला साऱ्या गावाच्या तारखा पाठ, त्याला हे आठवू नये याची त्यांना स्वतःलाच लाज वाटली. "नियम तेव्हा तसा होता," ते म्हणाले. "यादीबाहेरचं नाव आम्हाला लिहिताच येत नसे."

"माहीत आहे. बाबा दर वाढदिवसाला तुमची नक्कल करून दाखवतात. वृद्धाश्रमात तर त्यांनी ती नर्सलाही शिकवली आहे. मी रागावले नाही, ग्रोझाँसाहेब. फक्त हे चित्र नको."

साहेब खाली आले आणि बस्ता उघडून बसले. सप्टेंबरचे कागद उलटले, ऑक्टोबरचे आले, आणि आठ तारखेच्या लंबगोलात एक मेंढ्या राखणारी मुलगी उभी होती. खाली लॅटिनमध्ये स्पष्ट: लिबारिया, कुमारी, लोरेन. म्हणजे इथली. याच प्रांतातली. लिबारिया म्हणजे लिबेरच. गवंडी खिडकीत उभा होता तेव्हा ती खिडकीपासून तीनशे पावलांवर, चर्चच्या कपाटात होती. साहेबांनी तिला कात्री लावली नाही. तो अख्खा कागद त्यांनी काढून पलंगाच्या गादीखाली ठेवला, आणि पुढचे काही दिवस ते इतके गप्प राहिले की सोलांजबाईंनी त्यांचा ताप पाहिला.

इकडे अपोलिनबाई आपली सांडशी घेऊन फादरकडे गेल्या होत्या. विधवेला असं चित्र देणं धर्मात बसतं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. फादरनी चित्र उलटून पाहिलं. मागे चर्चचा अर्धा जांभळा शिक्का होता. ही चित्रं चर्चची, आणि चर्चची जुनी चीजवस्तू शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याने नगरपालिकेची. ती विक्रीच्या टेबलावर कशी गेली, याचा विचार करून फादरना घाम फुटला आणि त्यांनी नगरपालिकेला फोन केला.

पत्र आलं. एकशे दहा कागद, सार्वजनिक मालमत्ता, पंधरा दिवसांत अखंड स्थितीत परत करावेत. 'अखंड' या शब्दाखाली रेघ होती.

ज्या इमारतीत एकोणचाळीस वर्षं खुर्ची होती, तिथे साहेबांना तळमजल्यावर नंबराची चिठ्ठी घेऊन बसावं लागलं. सत्तेचाळीस नंबर. समोरून जाणारा शिपाई म्हणाला, "काय साहेब, जन्म की मृत्यू?" साहेबांनी चिठ्ठी उलटी धरली.

वारसा विभागाच्या ओद कोलँ नावाच्या तरुण बाई पांढरे हातमोजे घालून कागद मोजत होत्या. पहिल्या भोकाशी त्या थांबल्या.

"हे कशाने कापलं?"

"कात्रीने."

"कसल्या कात्रीने?"

"चांगल्या. कापडाच्या."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पुढची चार भोकं त्यांनी बसूनच पाहिली. मग म्हणाल्या, "पाच तुकडे आणून द्या. आणि एक कागद पूर्णच कमी आहे. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. तोही कापलात?"

"नाही."

"मग कुठे आहे?"

साहेबांच्या तोंडून त्यांच्या नकळत, सवयीने, सरकारी उत्तर निघालं. "कामात आहे."

"कोणत्या कामात?"

हे त्यांनाही माहीत नव्हतं. पण बाहेर पडताना त्यांचे पाय दाराकडे न जाता जिन्याकडे वळले, बावीस पायऱ्या चढले आणि त्यांच्याच जुन्या खिडकीपुढे जाऊन थांबले. आत आता लोइक नावाचा दाढीवाला मुलगा बसे. त्याला साहेबांनीच काम शिकवलं होतं.

"नाव बदलायचं तर हल्ली काय लागतं?" साहेबांनी विचारलं.

"तुमचं?"

"माझं चांगलं आहे. दुसऱ्या कुणाचं."

"सोपं झालंय आता. यादी कधीच गेली, साहेब. काल एका मुलीचं नाव 'दुपार' ठेवून घेतलं मी. पण मोठ्या माणसाला बदलायचं तर अर्ज, आणि त्या नावाशी नातं दाखवणारा कागद. आजीचं नाव असेल तर आजीचा जन्मदाखला."

आजीच्या गावचं दप्तर युद्धात जळलं होतं. हे साहेबांना त्या गावच्या प्रत्येक अर्जावरून माहीत होतं.

"मग ते नाव या भागात चालत होतं, असा काही जुना पुरावा. मूळ प्रत. झेरॉक्स नको," लोइक म्हणाला, आणि साहेबांकडे पाहून जरा ओशाळला. "तुम्हीच शिकवलंय."

त्या संध्याकाळी साहेब तुकडे गोळा करायला निघाले. परत द्यायला लोक एका पायावर तयार असतील, असा त्यांचा अंदाज होता. मार्शाल यांनी चित्र कचेरीत नेऊन आगीच्या विम्याच्या माहितीपत्रकांवर टांगलं होतं. गिऱ्हाइकं ते बघून थांबत होती.

"या आठवड्यात तीन विमे खपले," ते म्हणाले. "मी देणार नाही. पुढच्या मे महिन्यात या."

अपोलिनबाईंना फादरनी समजावलं होतं, की ही संत दातदुखीवर चालते. "तीन दिवस हिरडी दुखली नाही," त्या म्हणाल्या. तोंडावर हात नव्हता. "घेऊन जा आणि बघा काय होतं ते. पुन्हा दुखायला लागलं की मी खाली येऊन तुमच्या दाराशी बसेन."

शेवटी साहेब स्वयंपाकघरात आले आणि मिठाच्या बरणीकडे हात केला.

"हात लावू नकोस," सोलांजबाई म्हणाल्या.

"तुला तर आवडलं नव्हतं."

"आवडलं नाहीच. पण चौतीस वर्षांत एकच मिळालंय, ते मी नगरपालिकेला देऊ?" त्यांनी गॅस बारीक केला. "आणि त्या गादीखालच्या कागदाचं काय करणार आहेस?"

साहेब चपापले.

"चादर मीच बदलते, आन्सेल्म. वर जा. आठ दिवस झाले, तू जिन्यात तिच्या पावलांचा आवाज आला की न्हाणीघरात लपतोस."

"काय सांगू तिला? नियम तेव्हा—"

"नियमाचं तिला माहीत आहे. तिला न माहीत असलेलं सांग."

साहेब वर गेले. काय बोलायचं ते त्यांनी पायऱ्यांवर चार प्रकारे ठरवलं होतं. दार उघडल्यावर त्यातलं काहीच निघालं नाही. त्यांनी नुसता कागद पुढे केला आणि बोट ठेवलं. व्हेरोनिकने वाचलं. पुन्हा वाचलं. मग दाराच्या चौकटीला टेकली.

"होती म्हणजे," ती म्हणाली.

"होती. माझी यादी अपुरी होती."

"हे मला नका सांगू. बाबांना सांगा."

रविवारी ती त्यांना वृद्धाश्रमात घेऊन गेली. गास्तोन थिरिए चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, खिडकीशी खुर्चीत बसले होते. लेकीने कानात सांगितलं कोण आलंय. म्हाताऱ्याने साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, जेवणाचं चाकांचं टेबल ओढून मधे घेतलं आणि त्यावर दोन्ही कोपरं टेकली.

"रांगेत या," म्हातारा म्हणाला.

साहेबांनी मागे पाहिलं. "रांगेत कुणी नाही."

"तेव्हाही नव्हतं. तरी मला वीस मिनिटं बसवलंत."

साहेब भिंतीशी जाऊन उभे राहिले. म्हाताऱ्याने नर्सकडून एक रिकामा कागद मागवला, त्यावर काहीतरी लिहिल्याचा बहाणा केला, पेन्सिलीचं टोक तपासलं, खिडकीबाहेर पाहिलं. नक्कल खरोखरच चांगली होती. साहेबांना स्वतःची ती मान वळवण्याची पद्धत ओळखू आली आणि त्यांचे कान तापले.

"पुढचे," म्हातारा म्हणाला. "काय काम आहे?"

"एक नाव नोंदवायचं राहिलंय."

"यादीत आहे का?"

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. म्हाताऱ्याने भिंग घेतलं आणि बोट कागदाच्या वर, हवेत, अगदी सावकाश फिरवत नेलं. पहिला लंबगोल, दुसरा, तिसरा. तिथे बोट थांबलं. नक्कल कुठल्या क्षणी संपली ते कुणालाच कळलं नाही.

"आहे," तो म्हणाला. मग लेकीकडे वळून, जणू तिनेच विचारलं होतं तसं, पुन्हा म्हणाला, "आहे गं यादीत."

मग त्याने भिंग खाली ठेवलं. "उशीर का झाला?"

"कारकून नवीन होता," साहेब म्हणाले.

"मिशी पिकली तुमची. आधीची जरा बरी होती." आणि त्याने नर्सला सांगितलं, की साहेबांना कॉफी दे, दुधाची, बसून पिऊ दे.

आता व्हेरोनिकचा नाव बदलायचा अर्ज झाला, पण गोष्ट अडली ती पुढेच. लोइकला वर मूळ प्रत पाहायची होती. ओदबाईंनी साहेबांकडून ऑक्टोबरचा कागद ताब्यात घेतला होता, आणि मालमत्तेची चौकशी चालू असताना तो तळमजला सोडून जाऊ शकत नव्हता. लोइक खिडकी सोडून खाली येऊ शकत नव्हता, कारण शिक्का खात्याबाहेर न्यायला मनाई होती. मग रीतसर पत्र निघालं. तळमजल्याचं पत्र बावीस पायऱ्या चढण्यासाठी आधी शहरातल्या टपाल केंद्रात गेलं, तिथून चुकून बागकाम खात्यात गेलं, आणि सहा आठवड्यांनी 'जागेअभावी झाड लावता येणार नाही' असं उत्तर घेऊन आलं.

शेवटी साहेबांनी जिन्याकडे बोट दाखवलं. जिन्याच्या मधला चौक कोणत्याच खात्यात मोडत नाही, हे त्यांना एकाहत्तर पानी इमारत-नियमावलीवरून माहीत होतं. ती त्यांनी एका मंदीच्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण वाचली होती. ओदबाई हातमोजे घालून अकराव्या पायरीवर आल्या, कागद धरलेला हात लांब करून. लोइक बाराव्या पायरीवर आला, शिक्का छातीशी धरून. मधल्या चौकात व्हेरोनिक उभी राहिली. लोइकने कागद डोळ्यांनी पाहिला, मूळ प्रत पाहिली असं लिहिलं, जिन्याच्या कठड्यावर अर्ज टेकवून शिक्का मारला. तिथेच ओदबाईंनी साहेबांपुढे दुसरा कागद धरला: सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, पाच ठिकाणी, करणाऱ्याचं नाव. खालून शिपाई बघत होता, वरच्या मजल्यावरचे तीन जुने सहकारी कठड्यावरून वाकले होते. साहेबांनी चष्मा लावला, पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. त्यांची सही नेहमीसारखीच वळणदार आली, पण खालची रेघ काढायची ते विसरले.

पाचही तुकडे परत गेले. पण ओदबाईंना त्यासाठी स्वतः इमारतीत यावं लागलं. चित्रांचं प्रदर्शन भरेल तेव्हा चिठ्ठीवर 'लॉराँ मार्शाल, विमा सल्लागार' असं लिहिण्याचं कबूल झाल्यावर मार्शाल यांनी जाळी सोडली. अपोलिनबाईंनी दुखलं तर प्रदर्शनात केव्हाही येऊन समोर उभं राहता येईल, असं लेखी मागितलं. सोलांजबाईंनी काहीच मागितलं नाही. त्यांनी चित्र काढून दिलं, रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी फुलं आण. फुलांना डोकं असतं."

आठ ऑक्टोबर सोमवारी आला. सकाळी साहेब फार्मसीत जायला बसमध्ये चढले. चालकाच्या छातीवर नवी पट्टी होती. त्यांनी नाव वाचलं, अक्षरं तपासली; सगळी बरोबर होती.

"शुभेच्छा, लिबेर," ते म्हणाले.

"तिकीट पंच करा, ग्रोझाँसाहेब," ती म्हणाली, पण आरशात तिचं तोंड पुरतं फुललं होतं.

मागच्या बाकावर पिशवी घेऊन बसलेल्या एका आजीबाईंनी विचारलं, "काय म्हणालात? लिबेर? हे कसलं नाव?"

साहेब त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी सुरुवात केली ती मेंढ्यांपासून. मग रोमन सम्राट आला, मग तलवार, मग गावाबाहेरचा झरा. फार्मसीचा थांबा आला आणि गेला. शाळेचा गेला. आजीबाईंचाही गेला, त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरून "मग?" म्हटलं. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली तरी दोघं हलेनात. लिबेरने इंजिन बंद केलं, आरशात पाहिलं.

"ग्रोझाँसाहेब, तुमचा थांबा केव्हाच गेला."

"बस परत जाईल ना त्याच रस्त्याने?"

"जाईल."

"मग चालू दे," साहेब म्हणाले. "अजून संत लिबेरच्या भावंडांचं सांगायचंय. पाच आहेत."